लहानूभाऊंची कवळी

मूल गावाजवळच्या एका वृद्धाश्रमात उर्वशी गुरनुले सहा वर्षांपासून कामाला आहे. म्हाताऱ्यांची आंघोळ, गोळ्या, जेवण, सगळं तिच्याकडे. दर महिन्याला ती सगळ्यांना वजनकाट्यावर उभं करते. जुलैत मुखरूभाऊंचं वजन दोन किलो उतरलं. ऑगस्टमध्ये आणखी तीन.

"ऐंशी उलटली त्यांची. उतरणारच," व्यवस्थापक म्हणाले.

उर्वशीला ते पटेना. मुखरूभाऊ म्हणजे जन्मभर जंगलात बांबू तोडलेला माणूस, ताट पुसून खाणारा. आता अर्धं ताट तसंच राहायचं. विचारलं की एकच उत्तर, "भूक नाई." घरी भाकरी थापतानाही तिच्या डोळ्यांसमोर तो काट्याचा आकडा यायचा.

एका दुपारी चादर बदलताना मुखरूभाऊंच्या उशीखाली पोळीचे वाळलेले तुकडे सापडले.

"हे काऊन लपवलं, भाऊ?"

"तू रागावतं म्हणून."

"तोंड उघडा."

"राहू दे ना व."

ती हटली नाही. त्यांनी तोंड उघडलं. खालच्या हिरडीला दोन्हीकडे लालभडक जखमा होत्या. तिने कवळी काढून हातात घेतली आणि उजेडात धरली. मागे सुपारी फोडताना मुखरूभाऊंच्या कवळीचा समोरचा दात फुटला होता. ही कवळी अख्खी होती.

"भाऊ, हे तुमची नाई!"

"मले वाटलं, तुमी लोकायनं दात सुधरवून देल्ला."

तिला जूनमधली ती सकाळ आठवली. गडबडीत तिने सगळ्या कवळ्या एकाच घमेल्यात धुतल्या होत्या. त्याच सकाळी आश्रमातल्या लहानूभाऊंची लेक रीता बापाला भामरागडला, आपल्या घरी घेऊन गेली. म्हणजे मुखरूभाऊंची कवळी तिकडे होती, लहानूभाऊंची इकडे. दोन महिने.

तिने व्यवस्थापकांना सांगून टाकलं, "चूक माझी आहे." मग ती फोन घेऊन गच्चीवर गेली. रीताचा फोन लागेना. तिकडे पर्लकोटा नदीला पूर होता, रस्ता बंद होता. रोज चार-चार वेळा ती गच्ची चढायची. इकडे मुखरूभाऊंच्या जखमा तरी डोळ्यांसमोर होत्या. तिकडे लहानूभाऊ काय खात असतील, कुणाला ठाऊक.

तोवर तिने मुखरूभाऊंच्या तोंडातली ती कवळी काढूनच ठेवली. मिठाच्या पाण्याच्या गुळण्या सुरू केल्या. स्वयंपाकघरात स्वतः उभी राहून मऊ भात, घट्ट वरण, त्यात कुस्करलेलं अंडं असं ताट करायला लागली. पंधरा दिवसांत जखमा भरल्या.

सप्टेंबरात पूर ओसरला आणि एकदाचा फोन लागला.

"बाबा तं कवळी लावतच नाई," रीता म्हणाली. "टोचते म्हणते. पेजेवरच आहे. लय वाळले."

दुसऱ्या दिवशी उर्वशी बसमध्ये होती. गडचिरोली, आलापल्ली, मग भामरागड. दर अर्ध्या तासाने ती पिशवीत हात घालून कवळीची डबी चाचपायची.

लहानूभाऊ ओसरीवर खाटेवर बसले होते. गळ्याची हाडं वर आलेली. तिने कवळी बसवली. त्यांनी एकदा जबडा मिटला, पुन्हा मिटला.

"रीता, पोळी आण व."

ते सावकाश चावत राहिले. उर्वशीला तिथे बसवेना.

"माफ करा, भाऊ. माझ्याच हातानं झालं."

"मी तं पोरीले बोल लावून राह्यलो होतो," लहानूभाऊ म्हणाले. "म्हटलं, हिले रांधताच येत नाई." रीताने तोंड फिरवून डोळे पुसले.

मुखरूभाऊंची कवळी घेऊन ती परतली, पण ती कवळी आता त्यांना बसेना. वाळल्यामुळे हिरड्या आकसल्या होत्या. चंद्रपूरच्या दातांच्या डॉक्टरांनी नवी कवळी करायला सांगितलं आणि नोव्हेंबरची तारीख दिली. मुखरूभाऊंचं वजन जेमतेम एक किलो वाढलंय.

आश्रमात आता प्रत्येकाची वेगळी डबी आहे, झाकणावर नाव आहे. तरी जेवणाआधी उर्वशी बावीस जणांसमोर जाऊन "आ करा" म्हणते. बायनाबाई चिडतात, "मी का लहान लेकरू हाओ?" ती ऐकून घेते आणि पुढच्याकडे वळते.