अमेरिकेच्या कागदावर लेकीचं नाव

माझी लेक अमेरिकेची नागरिक झाली, त्याला माझाही थोडा हात लागला. फुशारकी म्हणून नाही सांगत. मी चौथी शिकलेली, इंग्रजी वाचता येत नाही. पण तिथलं सरकार कसं चालतं ते मला आता बरंच ठाऊक आहे, आणि ते मी शारजात, मुलाच्या घरी, ओट्याशी उभं राहून शिकले.

आधी थोडं मागचं सांगते. माझा नवरा कोकणात चिरेखाणीवर कामाला होता, तिथेच वारला. लेक तेव्हा पाच वर्षांची, मुलगा दोन. दोघांना माझ्या आईकडे ठेवलं आणि मी दुबईला एका घरी स्वयंपाकाला आले. दोन वर्षांनी एकदा गावी जायची. मुलगा पहिल्यांदा भेटला तेव्हा मला मावशी म्हणाला. रडले नाही, कारण सुट्टी तीसच दिवसांची होती. पुढे दुबईतल्याच देऱ्यात आपल्याकडच्या कामगारांच्या खोल्यांवर डबे करायला लागले. एका खोलीत आठ-आठ जण राहायचे, सगळ्यांना तिखट वेगळं. त्या डब्यांवर लेक नर्स झाली, मुलगा आयटीआय झाला. आता तो इथे शारजात हमरिया फ्री झोनला एका कारखान्यात सुपरवायजर आहे आणि माझा व्हिसा त्याच्या नावावर आहे. या देशानं मला कधी काही विचारलं नाही. दर वेळी रक्त तपासलं, फोटो काढला, शिक्का मारला. तेवढ्यावर माझी तीस वर्षं झाली. मला राग नाही. जेवायला घातलं त्याला नावं कशाला ठेवायची?

लेकीचं नशीब मात्र वेगळं. लग्न झालं आणि दोन वर्षांत नवरा सोडून गेला. घटस्फोटाचा कागद कोर्टातून हातात आला तशी ती नर्सच्याच कामावर अमेरिकेला गेली. तिथे बरीच वर्षं राहिल्यावर तिनं नागरिक व्हायचा अर्ज केला. त्यासाठी मुलाखत असते, आणि तिच्यात परीक्षा. शंभर प्रश्नांची यादी देतात, त्यातले दहा विचारतात, सहा बरोबर यावे लागतात. तिच्या वेळी शंभर होते, आता वाढवलेत म्हणे.

ती म्हणाली, "आई, माझा अभ्यास कोण घेणार? इथे कोण आहे मला?"

म्हटलं, "मी घेते."

"तू?"

"का? मी विचारायचं, तू सांगायचं. उत्तर तुला यायला हवं, मला कशाला?"

माझ्या नातीनं, मुलाच्या मुलीनं, सगळे प्रश्न आणि उत्तरं वहीत मराठी अक्षरांत उतरवून दिली. संध्याकाळी पाचला मी फोन डाळीच्या डब्याला टेकवून ठेवायची. तिकडे तेव्हा सकाळ, लेक ड्यूटीवर जायच्या तयारीत. मी कणीक मळता मळता वाचायची, "व्हॉट इज द सुप्रीम लॉ ऑफ द लँड?"

ती केस विंचरत म्हणायची, "द कॉन्स्टिट्यूशन."

नात सोफ्यावरून ओरडायची, "आजी, यू साउंड सो स्ट्रिक्ट!"

नुसतं वाचून माझं भागेना. मी नातीला अर्थ विचारायची. ती इंग्रजीत सुरू करायची, मी लाटणं दाखवलं की मराठीत यायची. कॉन्स्टिट्यूशन म्हणजे घटना. तिचे पहिले तीन शब्द 'वी द पीपल'. नात म्हणाली, आपली घटनापण अशीच सुरू होते, आम्ही भारताचे लोक. मला हे माहीत नव्हतं. इतकी वर्षं मी त्या लोकांत होते आणि मला कुणी सांगितलं नव्हतं.

त्यांच्या सरकारचे तीन भाग. एक कायदा करतो, एक राबवतो, आणि कोर्ट तो बरोबर आहे का बघतं. का, तर कुणा एकाच्या हातात सगळं जाऊ नये. हे मला एका फटक्यात कळलं. मी कामाला होते त्या घरी कोठीच्या कपाटाची चावी बाईसाहेबांकडे, सामान आणायचा ड्रायव्हर, रांधायची मी. एकटीला कुणालाच साखर चोरता यायची नाही. लेकीला सांगितलं तर ती इतकी हसली की तिचा कंगवा पडला.

एकदा ज्यूरीचा प्रश्न आला. खटल्याच्या निकालाला साधी माणसं बसवतात म्हणे, दुकानदार, बस चालवणारे.

मी विचारलं, "नर्सलापण?"

"नागरिक झाले तर मलापण बोलावतील."

"मग चेहरा बघून निकाल देऊ नकोस. तुझा नवरा चेहऱ्यानं फार चांगला होता."

"आई, पुढचा प्रश्न!"

अशी चार महिने तयारी केली. मुलाखतीच्या दिवशी मी काही खाल्लं नाही, पण देवाला नवस काही बोलले नाही. फोन आला तो संध्याकाळी. आवाज ऐकूनच कळलं, काहीतरी बिनसलंय.

प्रश्न सगळे आले होते. पहिले सहाच्या सहा बरोबर, म्हणून पुढचे विचारलेच नाहीत. अडलं वेगळ्याच ठिकाणी. फॉर्मवर विचारलं होतं, तुमचं याआधी दुसरं काही नाव होतं का? तिनं लिहिलं होतं, नाही. आणि तिच्या नर्सिंगच्या सर्टिफिकेटवर होतं माहेरचं नाव, पासपोर्टवर सासरचं. नुसतं आडनाव बदललेलं असतं तर मुलाखत घेणाऱ्या ऑफिसरबाईंना कळलं असतं. इथे पहिलं नावच वेगळं, मधलं वेगळं, आडनाव वेगळं. तीनही शब्द वेगळे. बाई म्हणाल्या, ही दोन माणसं आहेत. आणि तुम्ही शपथेवर नाही म्हणून लिहिलंत.

"आई, मी खोटं नव्हते बोलले गं. माझ्या डोक्यातच आलं नाही. लग्नात नाव बदलतं, त्याला कुणी दुसरं नाव म्हणतं का?"

माझ्या तरी डोक्यात कुठे आलं असतं? तिच्या लग्नाला मी डबे बंद ठेवून सहा दिवसांसाठी गेले होते. ताटात तांदूळ पसरले, नवऱ्या मुलानं अंगठीनं त्यात नाव लिहिलं, भटजींनी मोठ्यानं वाचलं. तेव्हा ते मला कळलं, आणि लेकीलाही तेव्हाच. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मीपण वाजवल्या.

पण ते तांदूळ काही कुठल्या कचेरीत जमा केले नव्हते. गावातलं लग्न, नोंदणी कुणी केलीच नाही. पासपोर्टच्या वेळचे कागद सासरी राहिले. दोन्ही नावं एकत्र असलेला एकही कागद तिच्याकडे नव्हता. मुदत दिली होती महिन्याची. तेवढ्यात दाखवलं नाही, तर ती खोटारडी ठरणार होती. आणि खोटारडीला नागरिक करत नाहीत.

मुलाला सुट्टी मिळेना, म्हणून मी नातीला घेऊन खालच्या टायपिंगवाल्याकडे गेले. केरळचा माणूस, अर्ज टाइप करून द्यायचं त्याचं दुकान. मला अम्मा म्हणतो. मी सगळं सांगितलं. तो म्हणाला, "सिंपल है अम्मा. माँ लिखके देगी, दोनों मेरी ही बेटी है. आपका पासपोर्ट दो, बेटी का बर्थ सर्टिफिकेट दो."

दोन्ही शेजारी ठेवून तो बघतच राहिला. पासपोर्टवर माझं सासरचं नाव. लेकीच्या जन्माच्या दाखल्यावर आईचं नाव माझं माहेरचं. पहिलं बाळंतपण माहेरी झालं, तिथल्या माणसानं आमच्या गावात मला हाक मारायचे तेच नाव लिहून टाकलं होतं.

"अम्मा," तो म्हणाला, "आपके घर में हर औरत दो-दो है क्या?"

नात खो खो हसली. मलाही हसू आलं. लेक कोण ते सांगायला गेले तर आधी मीच कोण ते सांगायला हवं होतं.

त्या माणसानं चहा मागवला आणि बसून दोन कागद केले. एकात मी म्हणजे मीच. दुसऱ्यात ती म्हणजे तीच, आणि आमच्याकडे तांदळात नाव लिहायची रीत कशी असते तेही. पहिल्या कागदाला गावाहून माझ्या भावानं माझा शाळेचा दाखला आणि माझ्या लग्नाची पत्रिका फोनवर पाठवली. पत्रिकेवर माझं माहेरचं नाव होतं आणि नवऱ्याचं पूर्ण नाव, तेच माझ्या पासपोर्टवर नवरा म्हणून. टायपिंगवाल्यानं जास्तीचं काही घेतलं नाही. म्हणाला, "बेटी का काम है. इन्शाल्ला हो जाएगा."

दुसऱ्या दिवशी त्या कागदांवर शपथेची सही करायला आम्ही दुबईला आपल्या वकिलातीत गेलो. काउंटरवरच्या मुलीनं विचारलं, "सही की अंगठा?"

म्हटलं, "सही."

हळू केली, पण नीट केली. तिनं घाई केली नाही.

कागद कुरियरनं गेले. तीन आठवडे संध्याकाळी पाचला आम्ही भाजी काय केली एवढंच बोललो. प्रश्नांची वही मी कपाटात ठेवली होती.

मग तिला परत बोलावलं. त्याच बाई होत्या. त्यांनी दोन्ही कागद वाचले. लेकीनं सांगितलं ते असं.

बाईंनी विचारलं, "हे नवीन नाव कोण ठरवतं?"

"नवरा."

"आणि नवरी?"

"तिला सगळ्यांबरोबरच कळतं."

बाईंनी तांदळाबद्दलचं पुन्हा एकदा वाचलं. मग म्हणाल्या, तुम्ही खोटं बोलला नाहीत, हे मला पटलं. फॉर्मवर दुसरं नाव त्यांनी स्वतःच्या पेनानं लिहिलं. आणि म्हणाल्या, नागरिक होताना आमच्याकडे नाव बदलून घेता येतं. तुम्हाला घ्यायचंय का? कुठलं हवंय?

लेक मला फोनवर म्हणाली, "मी त्यांच्याकडे दोन मिनिटं मागून घेतली आई. काय लिहायचं तेच सुचेना."

"मला फोन करायचास."

"तेच आलं होतं मनात. मग म्हटलं, नको."

"बरं केलंस. मग काय लिहिलंस?"

"शपथेच्या दिवशी बघ."

शपथ कोर्टात होती. तिकडून लेकीबरोबर काम करणारी एक नर्स फोनवर दाखवत होती, इकडे नातीनं फोन धरला होता. मोठा हॉल, निरनिराळ्या देशांची माणसं, सगळ्यांनी उजवा हात वर केलेला. लेक मला मागून दिसत होती, तिची वेणी मी ओळखली. शपथेत जुन्या देशाची निष्ठा सोडतो असंही म्हणावं लागतं. ते मला आधी ठाऊक होतं, तरी ऐकताना मी ओट्याची कड धरली. मग म्हटलं, जिथे पोट भरतं, तिथे तोंडदेखलं राहण्यापेक्षा हे बरं.

बाहेर आल्यावर लेकीनं कागद कॅमेऱ्यासमोर धरला. नातीनं वाचलं. पहिलं नाव माझ्या नणंदेनं बारशाला पाळण्यात ठेवलेलं. आडनाव बापाचं. आणि मध्ये माझं, माहेरचं. ज्या नावानं मला आता हाक मारणारा एक भाऊ तेवढा उरलाय.

मी नातीला ते परत वाचायला लावलं. म्हटलं, "बापाचं मध्ये घालायचंस. त्याला बरं वाटलं असतं."

"त्यांचं आडनाव आहे की. पुरे झालं त्यांना."

त्या ऑफिसरबाईंचं नाव मला माहीत नाही. टायपिंगवाल्याचंही पूर्ण नाव मी कधी विचारलं नाही, त्याला फक्त रव्याचे लाडू नेऊन दिले. पण रोज दिवा लावते तेव्हा दोघांची आठवण काढते. माझ्या लेकीला आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी विचारलं, तुझं नाव काय हवं. ते विचारणारी बाई परकी होती, याचं मला वाईट वाटत नाही. विचारलं, हे खूप झालं.

कोर्टाच्या बाहेरच एक टेबल मांडलं होतं, मतदार म्हणून नाव घालायला. लेक म्हणाली, "आई, थांब, फोन ठेवते. रांग लहान आहे तोवर लावून घेते."

"जा जा," मी म्हटलं, "आणि तिन्ही नावं नीट लिही."