अस्सलरावांची गाडी गेटबाहेर पडते

अस्सलरावांचं खरं नाव त्यांच्या बायकोलाही पटकन आठवत नसे, मग गिऱ्हाइकांची काय कथा! त्यांचं गाड्या दुरुस्त करायचं गॅरेज होतं आणि गाडीत कंपनीचा पार्ट सोडून दुसरं काही बसवायचं नाही, हा त्यांचा हट्ट होता. त्यावरून कुणीतरी थट्टेनं अस्सलराव म्हणालं आणि ते नाव चिकटलं ते चिकटलंच. त्यांना ते मनापासून आवडायचंही. गॅरेजच्या भिंतीवर त्यांनी लाल अक्षरांत रंगवून घेतलं होतं, 'येथे फक्त ओरिजिनल'. त्या अक्षरांखाली उभं राहून कुणी "जरा बाहेरचा चालेल का?" असं विचारलं, की अस्सलराव त्याच्याकडे असे बघायचे, की तो बिचारा चावी ठेवून गुपचूप चहा प्यायला निघून जायचा.

हट्टाला कारणही तसंच होतं. तरुणपणी एकदा कंपनीच्या खोक्यातून आलेला ब्रेकचा सिलिंडर नकली निघाला होता. ट्रायल घ्यायला अस्सलराव स्वतः बसले होते. त्यांनी ब्रेक दाबला, पाय थेट तळाला गेला आणि गाडी समोरच्या दूधवाल्याचं शटर फोडून आत. माणसं वाचली, दूध काही वाचलं नाही. त्या दिवसापासून त्यांच्या लेखी जगात दोनच प्रकारचे पार्ट उरले, कंपनीचा आणि डुप्लिकेट. मधलं काही असू शकतं हे ऐकून घ्यायलाही ते तयार नसत.

त्यांची आणखी एक सवय होती. नवा पार्ट बसवला, की निघालेला जुना पार्ट त्याच नव्या खोक्यात घालायचा आणि गिऱ्हाइकाच्या हातात द्यायचा. गिऱ्हाईक नको नको म्हणालं तरी द्यायचाच. वर ठरलेलं वाक्य, "बघून घ्या, नंतर तक्रार नको. आणि गाडी चालवत राहा, उभी ठेवू नका."

आता गंमत बघा. जगाला हे सांगणाऱ्या माणसाची स्वतःची गाडी बारा वर्षं उभी होती.

घरामागच्या शेडमध्ये ती असायची. सायीच्या रंगाची, गोल दिव्यांची, पुढून बघितलं की कुणीतरी आश्चर्यानं डोळे मोठे केल्यासारखी. अस्सलरावांनी ती भंगारात जाता जाता उचलली होती आणि शपथ घेतली होती, की एकूण एक पार्ट कंपनीचा बसेल तेव्हाच हिची चाकं रस्त्याला लागतील. झालं! एका वर्षी दाराची कडी मिळेना, दुसऱ्या वर्षी काचेचं रबर. कडी मिळाली तोवर हॉर्न गेला. कधीमधी ते इंजिन चालू करून आवाज ऐकत बसायचे. गाडी धुवायची असली की शेडमधून गेटपर्यंत आणायचे. तेवढ्यापुरती बायको शेजारच्या सीटवर बसायची, गेट आलं की उतरायची. "ही गाडी नाही, माझी सवत आहे," ती शेजारणीला सांगायची, "आणि तीही कायमची आजारी."

पण या वर्षी नवल घडलं. मागच्या दिव्याची लाल काच, कंपनीचा शिक्का असलेली, एका भंगारवाल्याच्या पोत्यात सापडली. शेवटची उणीव भरून निघाली! गाडी पूर्ण झाली होती. आणि रविवारी जुन्या गाड्यांची फेरी होती, खालच्या मैदानावरून घाट चढून वर धरणापर्यंत आणि परत. शिवाय सर्वांत अस्सल गाडीला कप. अस्सलरावांनी नाव दिलं आणि घरातल्या फळीवरचं घड्याळ उचलून बाजूला ठेवलं. कपाला जागा नको का?

तो आठवडा त्यांना झोप म्हणून लागली नाही. ते गाडी पुसायचे, पुन्हा पुसायचे, पुसलेलं फडकं धुवायचे. आनंद झाला की त्यांची कवळी टकटक वाजायची, ती त्या आठवड्यात थांबायचं नाव घेईना. बायकोनं नवे कपडे शिवून आणले, आरशासमोर घालून बघितले आणि काढून घडी घालून उशाशी ठेवले. लेकीनं मात्र मंगळवारी गाडीखाली डोकं घातलं आणि कपाळाला आठ्या घालूनच बाहेर आली. लेक वडिलांबरोबरच गॅरेजात काम करायची. हात तिचा वडिलांसारखा, जीभ आईसारखी.

"बाबा, वॉटर पंपाखाली हिरवट ओघळ वाळलाय."

"रंग असेल."

"रंगाला चव नसते. मी चाटून बघितलं, कूलंट आहे."

"चाटतेस काय! आणि पंपाची काळजी तू करू नकोस. कंपनीचा नवाकोरा पंप घरी माळ्यावर पडलाय, सीलबंद खोक्यात. अडीनडीला असू दे म्हणून ठेवलाय." हे ते गेली बारा वर्षं सगळ्यांना सांगत आले होते.

शनिवारी दुपारी बापलेक ट्रायलला बसले. गेटच्या आतच, शेड ते गेट, गेट ते शेड. चौथ्या खेपेला तापमानाचा काटा वर चढायला लागला, बॉनेटमधून वाफ निघाली आणि फरशीवर हिरवं पाणी ठिबकायला लागलं. अस्सलरावांनी कपाळाला हात लावला. पण क्षणभरच. लगेच त्यांना माळा आठवला आणि ते असे काही आनंदले, की जणू पंप फुटला ते बरंच झालं.

"अगं, शिडी आण शिडी! तुला सांगत होतो की नाही? सांगत होतो की नाही?"

बायकोनं शिडी धरली. अस्सलराव माळ्यावर चढले, जुन्या गाद्या आणि फुटक्या बादल्या ढकलत आत गेले आणि धुळीनं माखलेलं खोकं छातीशी धरून खाली उतरले. खोक्यावर कंपनीचा शिक्का होता. त्यांनी तो बाहीनं पुसला, लेकीला दाखवला, बायकोला दाखवला. मग जेवणाच्या टेबलावर खोकं ठेवून दोन्ही हातांनी हळूच उघडलं.

आत पंप होता. तेलकट, काळा, पात्यांना गंज चढलेला. दांडा बोटानं हलवला तर खुळखुळ्यासारखा हलला.

अस्सलराव त्या पंपाकडे बघत राहिले आणि हळूहळू त्यांच्या ध्यानात आलं. गाडी आणली त्याच वर्षी त्यांनी नवा पंप बसवला होता. आणि निघालेला जुना पंप, आपल्याच शिरस्त्यानं, नव्याच्या खोक्यात घालून ठेवला होता. दुसऱ्याची गाडी असती तर खोकं दुसऱ्याच्या घरी गेलं असतं. ही त्यांचीच, म्हणून ते त्यांच्याच माळ्यावर गेलं. बारा वर्षं ते स्वतःलाच नवा माल म्हणून जुना दाखवत होते.

"म्हणजे आत्ता फुटला तो कंपनीचा?" बायकोनं विचारलं.

"कंपनीचाच," लेक म्हणाली. तोवर तिनं गाडीतला पंप खोलून आणलाही होता. "अस्सल. गाडी एक किलोमीटरही धावली नाही. बघा, आतलं सील वाळून कडक झालंय. हा वापरून गेलेला नाही बाबा. ठेवून ठेवून गेलाय."

अस्सलराव खुर्चीत बसले. ते वाक्य त्यांना लागलं. पण माणूस इतक्यात वाकला तर तो अस्सलराव कसला? "ठीक आहे," ते म्हणाले, "उद्या नाही जायचं. शोध घेऊ. पुढच्या वर्षी जाऊ."

"कंपनीनं हा पंप बनवणं कधीच बंद केलंय."

"मग त्याच्या पुढच्या वर्षी."

लेकीनं आपल्या पिशवीतून एक निळं खोकं काढलं आणि टेबलावर ठेवलं. मंगळवारी ओघळ चाटला तेव्हाच तिनं ते पार्टवाल्याकडून आणून ठेवलं होतं. हेच इंजिन पुढं मालवाहू टेम्पोंना बसायचं, म्हणून बाहेरची एक कंपनी अजून त्याचा पंप बनवत होती.

"डुप्लिकेट?" अस्सलरावांचा आवाज चिरकला. "माझ्या गाडीत?"

"डुप्लिकेट म्हणजे दुसऱ्याचं नाव लावून विकलेला. दूधवाल्याच्या दुकानात तुम्हाला घेऊन गेला तो. याच्यावर बनवणाऱ्यानं स्वतःचं नाव घातलंय, बघा. लपवाछपवी नाही. उद्या बिघडला तर कुणाला धरायचं ते कळतं. आणि ब्रेकचं सगळं मी कंपनीचंच घातलंय ना? तिथं मी तुमचं ऐकते. इथं तुम्ही माझं ऐका."

"कप जाईल. बाहेरचा पार्ट दिसला की परीक्षक गाडी बाद करतात."

इतका वेळ शिडीला टेकून उभी असलेली बायको पुढं आली. "अहो, एक विचारू? तुमचे वरचे दात कुठल्या कंपनीचे?"

अस्सलरावांचं तोंड टक्‌कन मिटलं.

"त्याच दातांनी मूठ मूठ शेंगदाणे खाता ना? की कंपनी नवे दात पाठवीपर्यंत उपाशी बसला होता?" लेक फिस्सकन हसली, पण आई हसत नव्हती. "मला त्या कपाशी काही देणंघेणं नाही. बारा वर्षं मी त्या गाडीत बसते आणि गेटपाशी उतरते. मला गेटच्या पुढं जायचंय. उद्या जायचंय." शेवटच्या शब्दाला तिचा आवाज कापला. असा आवाज अस्सलरावांनी फार वर्षांत ऐकला नव्हता.

त्यांनी निळं खोकं ओढून घेतलं. चष्मा लावला. पंप बाहेर काढून दांडा फिरवला, कानाशी धरून पुन्हा फिरवला, बोल्टची भोकं जुन्या पंपाशी जुळवून पाहिली. शोधत होते ते खोट, आणि खोट सापडत नव्हती. बेअरिंग लोण्यासारखं फिरत होतं. शेवटी त्यांना एक गोष्ट मिळाली आणि त्यांचा चेहरा उजळला. "गॅस्केट पातळ आहे! हे नाही चालणार. हे मी स्वतः कापणार."

"कापा ना! कोण नको म्हणतंय?" लेकीनं त्यांच्या हातात कात्रीच दिली.

मग काय विचारता! शेडमध्ये दिवा लागला. अस्सलरावांनी पंप आणि इंजिनाच्या सांध्यात बसणाऱ्या गॅस्केटचा जाड कागद पसरला, पंपाचा छाप घेतला आणि जीभ बाहेर काढून शाळेतल्या पोरासारखा तो कापला. पंप लेकीनं बसवला. अस्सलराव पहिल्यांदाच लेकीच्या हाताखाली उभे होते. ती "तेरा नंबर" म्हणाली की तेरा नंबरचा पाना द्यायचे, "फडकं" म्हणाली की फडकं. एकदा चुकीचा पाना दिला म्हणून तिनं त्यांना दटावलंही. गाडी चालू झाली, काटा मधोमध येऊन थांबला, आणि फरशी कोरडीच्या कोरडी. बायकोनं खाली वाकून हात फिरवून खात्री करून घेतली.

रविवारी सकाळी गाडी गेटपाशी आली. सवयीनं बायकोचा हात दाराच्या कडीकडे गेला. अस्सलराव थांबले नाहीत. गेट मागं पडलं, गल्ली मागं पडली, आणि ती बाई दोन्ही हात डॅशबोर्डवर टेकवून लहान मुलीसारखी ओरडली, "गेलो! अहो, गेलो की आपण!"

घाट सुरू झाला तशी अस्सलरावांची एक नजर रस्त्यावर आणि एक काट्यावर. पहिल्या वळणावर एक लांबलचक काळी गाडी वाफ सोडत उभी होती. त्यापुढं एक बॉनेट उघडून, एक धक्का मारत. काटा जरासा वर सरकला की अस्सलरावांचा श्वास अडायचा. काटा पुन्हा मधोमध येऊन बसला की कवळी टकटक वाजायची. मागून लेक सांगत होती, "दुसऱ्या गिअरवर टाका. आता सोडा. घाबरू नका हो!" आणि वळणामागून वळण घेत, एकदाही न थांबता, सायीच्या रंगाची गाडी धरणावर पोहोचली. अस्सलरावांनी इंजिन बंद केलं आणि स्टिअरिंगवर डोकं टेकून मोठ्यानं हसत सुटले.

पांढऱ्या मिशांचे एक परीक्षक गाडीभोवती फिरले. कडी बघितली, रबर बघितलं, मागच्या लाल काचेवरचा शिक्का बघून त्यांनी मान डोलावली. "वा! अशी गाडी आज दुसरी नाही. सगळं ओरिजिनल ना?"

हा प्रश्न कुणीतरी विचारावा म्हणून अस्सलराव बारा वर्षं थांबले होते. बॉनेट बंद होतं. हो म्हटलं असतं तर कुणी उघडून बघितलंही नसतं.

"वॉटर पंप बाहेरचा आहे," ते म्हणाले. "माझ्या लेकीनं बसवलाय. गॅस्केट मी कापलंय." आणि विचारलं नव्हतं तरी त्यांनी बॉनेट उघडून दाखवलं.

परीक्षक हळहळले, पुढच्या गाडीकडे गेले. अस्सलराव वळले तर समोर लेक उभी. तिच्या हातात निळं खोकं होतं आणि आत तो सील वाळलेला कंपनीचा पंप. "हं, साहेब," ती गंभीर तोंड करून म्हणाली, "बघून घ्या, नंतर तक्रार नको. आणि गाडी चालवत राहा, उभी ठेवू नका."

अस्सलरावांनी खोकं घेतलं. उघडून आत बघितलं. मग त्यांनी सगळी गिऱ्हाइकं करायची तेच केलं, मुकाट्यानं मान हलवली आणि खोकं मागच्या सीटवर ठेवलं.

परतताना घाटाच्या पायथ्याशी रस्ता दोन्हीकडे फुटत होता. उजवीकडे मैदान होतं, तिथं मांडव, खुर्च्या आणि कुणाच्या तरी नशिबातला कप. डावीकडचा रस्ता शेतांमधून लांब कुठंतरी जात होता.

"तिकडं काय आहे?" बायकोनं विचारलं.

अस्सलरावांनी विचार केला. जन्मभर त्यांनी लोकांच्या गाड्या या फाट्यापर्यंत आणून ट्रायल घेतली होती आणि इथूनच मागं वळवल्या होत्या.

"काय माहीत," ते म्हणाले आणि डावा इंडिकेटर दिला.

"बाबा, मैदान उजवीकडे आहे," लेक मागून म्हणाली.

"माहितीये," अस्सलराव म्हणाले, आणि त्यांनी गाडी डावीकडे घातली.