ढोरांच्या दवाखान्यात मांडूळ

जनावरांच्या डॉक्टरकडे किस्से जरा जास्तच साठतात. पेशंट काही बोलत नाही, म्हणून मालक दोघांच्या वाटचं बोलतो! जाफराबादेत आमच्या सरकारी दवाखान्याला सगळे ‘ढोरांचा दवाखाना’च म्हणायचे. मीही गाय, म्हैस, बैल, शेळी एवढंच नीट शिकून आलो होतो. पक्ष्यांमधलं माझं ज्ञान कोंबडीपाशी संपत होतं. पण नव्वदच्या सुमाराला तालुक्यात टीव्हीबरोबर हौसही शिरली आणि भलतेच पेशंट दारात येऊ लागले.

पहिला मान एका मास्तरांच्या लव्हबर्डचा. औषधाच्या बाटलीवर डोस लिहिलेला दर शंभर किलोला! आमच्या वजनकाट्यावर तो पक्षी ठेवला तर काटा जागचा हलेना. शेवटी समोरच्या भास्करशेठ सराफांकडे गेलो. त्यांनी पक्षी रुमालात गुंडाळला, तराजूची काच लावून घेतली, गंभीर चेहऱ्यानं वजनं टाकली आणि सांगितलं, “सव्वातीन तोळे.” मग जन्मभराच्या सवयीनं विचारलं, “पिसांची घट किती धरू?”

त्या दिवसापासून आमच्या केसपेपरवर वजन तोळ्यातही येऊ लागलं.

*

आमचा ड्रेसर नामदेव. एका दोरात उधळलेला बैल आडवा पाडणारा गडी! एकदा बँकेतल्या बाईंनी मुलीचा पांढरा उंदीर तपासायला आणला. झाकण उघडलं आणि मागे वळून बघतो तर नामदेव टेबलावर उभा. बाईंसमोर माझीच मान खाली गेली. त्या गेल्यावर मी त्याला चांगला फैलावर घेतला, तर म्हणतो, “साहेब, बैलाला दावं लावता येतं. ह्याला कुठं लावू?”



*

एका कचेरीतल्या साहेबांनी केबिनमध्ये काचेची पेटी ठेवून रंगीत मासे पाळले होते. उन्हाळ्यात लोडशेडिंग सुरू झालं, हवेची मोटार बंद पडायला लागली आणि मासे वर येऊन तोंड उघडझाप करायला लागले. साहेबांनी मला बोलावणं धाडलं. मी सांगितलं, काहीही करा, पण पाण्यात हवा जात राहिली पाहिजे.

दोन दिवसांनी सहज डोकावलो. शिपाई सायकलचा पंप घेऊन पेटीपाशी बसलेला, घामाघूम. बाहेर दाखल्यासाठी आलेल्यांची रांग. एका म्हाताऱ्यानं आत येऊन आपल्या कागदाचं विचारलं, तर पंप न थांबवता शिपाई म्हणाला, “बसा मामा. साहेबाच्या मासोळ्या दम घेऊन राह्यल्या.”

मी म्हटलं, गर्दी झालीय, निम्मे मासे मोठ्या भांड्यात हलवा. साहेबांना मोठं भांडं दिसलं ते कचेरीतल्या पिण्याच्या पाण्याचा रांजण. पाऊस पडेपर्यंत सगळा स्टाफ पाणी प्यायला समोरच्या हॉटेलात जात होता!

*

एमआयडीसीतल्या एका मॅनेजरनं चांदणी कासव आणलं. वास्तुवाल्यानं सांगितलं म्हणून महिनाभर पितळी परातीत पाण्यात ठेवलेलं. बिचारं सर्दीनं बेजार, नाकातून फुगे येत होते. मी म्हटलं, “अहो, हे जमिनीवरचं कासव आहे. आणि घरात ठेवणं गुन्हाही आहे.” मॅनेजर काकुळतीला आले, पाण्याबाहेर काढलं तर बरकत जाईल म्हणाले.

नामदेव शांतपणे म्हणाला, “मंग त्या वास्तुवाल्यालाच बसवा की परातीत.”

कासव बरं होऊन वनखात्याकडे गेलं. बरकतीचं पुढे काय झालं, कळलं नाही.

*

पण सगळ्यांवर कडी केली ती मांडुळानं. मांडूळ हा दोन तोंडांचा वाटणारा, बिनविषारी साप. शेतातले उंदीर खातो, कुणाच्या अध्यात ना मध्यात. दोन हजार सालानंतर कुणीतरी अफवा उठवली की दोन किलोचं मांडूळ गुप्तधन दाखवतं, आणि त्याच्या नशिबाचे भोग सुरू झाले.

हसनाबादकडून तिघे जीपनं आले. पुढारी दत्ता, बरोबर त्याचा चुलतभाऊ आणि एक भागीदार. दत्तानं दार लोटून बादली पुढे केली. “साहेब, टॉनिक मारा. दोन किलो भरलं पाह्यजे. गिऱ्हाईक थांबून राह्यलंय.”

साप हातात घेतला तर पोटात काहीतरी कडक घरंगळत होतं. तोंड रक्ताळलेलं. खोदून विचारलं तेव्हा कळलं, वजन वाढावं म्हणून यांनी त्याच्या घशात बेअरिंगचे छर्रे कोंबले होते. माणसावर हात उगारावासा वाटला, तो नोकरीत त्या एकदाच. पण शिव्या दिल्या असत्या तर बादली उचलून दुसरीकडे गेले असते आणि साप मेला असता. राग गिळला. नामदेवनं साप अलगद धरला, मी तेल लावून पोट हलकेच वर दाबत गेलो. एकेक करत नऊ छर्रे बाहेर आले.

आता हा जीव परत त्या बादलीत जाऊ द्यायचा नव्हता. मी म्हटलं, ॲडमिट करावं लागेल. नामदेवनं केसपेपर ओढला. “मालकाचं नाव?”

दत्ता ऐटीत पुढे झाला.

“पूर्ण सांगा,” नामदेव मान वर न करता म्हणाला. “एक कॉपी फॉरेस्टला जाती. मांडूळ पकडलं की सीधा जेल.”

अशी कॉपी जात नव्हती. त्यानं ती थाप जागच्या जागी मारली होती! दत्ता म्हणाला, साप माझा न्हाई, भावाचा. भाऊ म्हणाला, भागीदाराचा. भागीदार म्हणाला, “मी तं जीपात जागा होती म्हून आल्तो.” पाच मिनिटांत जीप गेली आणि साप बिनमालकाचा झाला.

पंधरा दिवसांत तोंडाच्या जखमा भरल्या आणि वनरक्षकानं त्याला लांबच्या गायरानात सोडलं. कुठल्या, ते त्यानं मलाही सांगितलं नाही.

पण त्याआधी, दुसऱ्याच दिवशी, तो भागीदार एकटाच परत आला. हात जोडून दारात उभा. मी आधीच बजावलं की साप मिळणार नाही.

“साप ऱ्हाऊ द्या साहेब,” तो म्हणाला. “ते छर्रे तेवढे द्या. माझ्या पिठाच्या गिरणीचे हायेत. कालपासून अर्धं गाव डबे घेऊन दारात बसून राह्यलंय.”