भायेरच्या डाळीवर शुल्क

बसा, चहा येऊन राह्यला. तोवर माह्या शहाणपणाचा किस्सा ऐका. पण माह्या बायकोसमोर हसू नका बरं!

तूर निघायचे दिवस होते. भायेर देशातून येणाऱ्या पिवळ्या वाटाण्यावर सरकारनं शुल्क लावलं, अशी बातमी मी मोबाइलवर पाह्यली. आता बातमी पाहून गप बसणारा माणूस आमच्या मारेगावात सापडन का? मी तं सकाळपासून टपरीवर भाषणच देऊन राह्यलो होतो.

तेवढ्यात सासूचा फोन. मुकुटबनजवळच्या तांड्यावर राह्यते. मीबी तिले याडीच म्हणतो. याडी म्हणजे आमच्या बोलीत आई. दरसाली ती घरच्या तुरीची डाळ करून माह्या बायकोले, शोभाले धाडते.

“जवाईबापू, डाळ तयार आहे. धाडू का कोणासंगं?”

माही जीभ वळवळलीच! “याडी, सरकारचं समजलं का? भायेरून येणाऱ्या डाळीवर आता शुल्क!”

“भायेरून म्हंजे?”

“हद्द ओलांडली का शुल्क!”

‘देशाची हद्द’ म्हणणारच होतो, पण टपरीवर कोणीतरी माहं मत विचारलं. मत विचारल्यावर सासू कोणाले आठोते? ठेवला फोन.

मंग काय, डाळ आलीच नाही! शोभानं फोन केला तं याडी हळूच म्हणे, “डाळीचं फोनवर नको बोलू, बाई.” अन् कट!

दुकानातल्या डाळीचं वरण वाढता वाढता शोभा डोळे पुसे. “याडीचं मन उडालं माह्यावरून.”

“अवं, डाळीसाठी कायले रडतं?”

“डाळीसाठी नाही रडत मी!”

मले अजूनबी पत्ता नाही, पाहा!

अन् एक दिवस भर दुपारी याडीच दारात. घामानं चिंब, अन् छातीशी धरलेली एक मोठी उशी! आत आली, दार लावलं, उशीची शिवण टराटरा उसवली. आतून पिवळीधम्म डाळ!

“कंडक्टर म्हणे, आजी, उशी एवढी जड काहून? म्हणलं, बापा, कापसातली सरकी काढायची राह्यली.”

“पण याडी, हे काहून केलं तुम्ही?”

“मंग काय करू? आपल्या बापजाद्यायनं बैलाच्या पाठीवर धान्य लादून मुलूख पालथा घातला, अन् मले मुकुटबनची डाळ मारेगावले आणायची चोरी? लेक दिली म्हणजे काय परदेशात दिली का?”

शोभानं तिच्या गळ्यात मिठी घातली. दोघी रडल्या. माह्याबी डोळ्यात पाणी आलं, खोटं कायले बोलू? तेवढ्यात शोभानं नाक पुसत विचारलं, “पण याडी, हे शुल्काचं तुले सांगतलं कोणं?”

याडीनं नुसतं माह्याकडं पाह्यलं.

मी वाटाणा सांगतला, परदेश सांगतला. शोभा उभ्या उभ्या मले खाऊन राह्यली होती. याडी मात्र पदर तोंडाले लावून हसत सुटली, खाली बसून हसली.

मंग म्हणे, “सरकारनं नाही लावलं तं मी लावतो. राह्यलेली तूर भरडाले तुम्हीच या, जवाईबापू.”

परवा गेलतो. भर अंगणात जात्यावर बसोलं मले! हाताले फोड आले, अर्धा तांडा पाहाले जमला. अन् याडी एकेकाले दटावे, “हसू नका रे! आमचे जवाईबापू शुल्क भरून राह्यले!”