स्लॅबचं मटण

भिमीबद्दल शेणव्यात कोणालाही विचारा, आधी मटणाचीच गोष्ट ऐकायला मिळेल. मीही तीच सांगतो. माझी जरा जास्त खरी, कारण त्या पंगतीला मी बिनबोलावता हजर होतो.

भिमी ठाकूरवाडीची. स्लॅबच्या कामावर घमेली वाहणाऱ्या बायांची पुढारीण. गेल्या वर्षी परांचीवरून पडून तिचा हात मोडला, तेव्हा बांधकाम संघटनेची मदत मिळाली ती भगीरथ अध्यक्षाच्या मेव्हण्याला. या गृहस्थाने आयुष्यात पत्त्यांपेक्षा जड काही उचललेलं नाही! संघटनेत असे पाहुणे बरेच. हात बरा झाल्यापासून भिमीने एकच धोशा लावला, निवडणूक घ्या. भगीरथचं उत्तर ठरलेलं, "बघू गो, दिवाळीनंतर." कुठल्या दिवाळीनंतर, ते काही तो सांगेना.

मग भगीरथच्याच बंगल्याचा स्लॅब निघाला. कामाला बाया भिमीच्याच.

स्लॅब अर्ध्यावर आला तशी काजल कुजबुजली, "मावशे, आताच घमेली खाली ठेवू. येल बघ कसा धावत."

"नाय गो. स्लॅब अर्धा सोडला तर सांध्यातून जन्मभर गळंल. खाली त्याची पोरं झोपायचीत."

दिवस कलता स्लॅब पुरा झाला. आपल्याकडे स्लॅबच्या दिवशी मालकाने मटण घालायचं आणि कामगारांनी पोटभर जेवून घराला चांगलं म्हणायचं. बाया हात धुऊन पंगतीला बसल्या. भगीरथच्या बायकोने, संजीवनीने, रस्सा वाढला. पण भाकरी कोणी मोडेना.

"जेवा की!" भगीरथ म्हणाला.

"जेवतो ना दादा," भिमी म्हणाली. "निवडणुकीची तारीख तेवढी बोला."

"ही काय वेळ हाय?"

"आमाला घाई नाय."

अध्यक्ष आधी हसले, मग घामेजले. कुंपणाला टेकून सगळी आळी बघत होती. स्लॅबच्या दिवशी कामगार उपाशी उठले तर लोक त्या घराला काय म्हणतात, हे संजीवनीला कोणी सांगायला नको. तिने पातेल्यावर झाकण आपटलं.

"अहो, खुर्ची जाते तर जाऊ द्या! माझ्या दारातून कोण उपाशी जायचं नाय. बोला तारीख!"

"येत्या अमावास्येला," भगीरथ पुटपुटला. "तेव्हा कामं बंदच असतात."

"मोठ्यानं, दादा. मागच्यांना ऐकू नाय आलं."

त्याने मोठ्याने सांगितलं. मग भिमीने भाकरी मोडली, आणि मीही.

अमावास्येला भिमी अध्यक्ष झाली, पण अगदी काठावर. नवऱ्याच्या कृपेने संजीवनीही कागदोपत्री कामगारच. तिने मत कोणाला दिलं, हे भगीरथ अजून मला खोदून खोदून विचारतो. मला ठाऊक आहे. सांगतोय कशाला!