चटईवर लेक थोरली

माझी लेक मस्कतच्या मदिनत सुलतान काबूस भागातल्या एका व्हिलात जुजुत्सू, म्हणजे पकडून फेकण्याची पारंपरिक जपानी झुंजकला, शिकायला जायची. आम्ही राहतो तिथून लांब, अल हैलला. तिला सोडून घरी यायचं आणि लगेच आणायला निघायचं, यात काही अर्थ नव्हता. म्हणून मी गाडीतच एसी लावून शाळेचे पेपर तपासत बसायचे. इथल्या एका भारतीय शाळेत मी गणित शिकवते.

एका संध्याकाळी लेकीच्या बाईंनी गाडीच्या काचेवर टकटक केलं. बाई ओमानी. अंगाने किडकिडीत, उंचीला माझ्या खांद्याएवढ्या. कॉलेजसाठी जपानला गेल्या, तिथे ही विद्या शिकल्या आणि परत आल्यावर बायका-मुलींचा वर्ग काढला.

"इथे बसून नुसतं पेट्रोल जाळतेस," त्या हिंदीत म्हणाल्या. "यल्ला, आत ये."

"मी? आता या वयात?"

"सुरुवातीला फक्त पडायला शिकवतो. पडायला काय वय लागतं?"

पुढच्याच आठवड्यात पांढरा जाडाभरडा सदरा आणि विजार घालून मी दारात उभी राहिले. मंगळसूत्र, बांगड्या रुमालात गुंडाळून पर्समध्ये ठेवल्या होत्या. लेकीने मला बघितलं आणि तिचा चेहराच पडला.

"आई, तू डेड आहेस!"

"काय?"

"सदऱ्याची लेफ्टवाली साइड वर पाहिजे. राइट वर फक्त डेड लोकांना घालतात. जपानमध्ये." आणि इकडेतिकडे बघत तिने माझा पट्टा सोडून मला घाईघाईने जिवंत केलं.

मग नियम कळत गेले. चपला टोकं दाराकडे करून लावायच्या. दारात वाकायचं, चटईवर पाय ठेवताना वाकायचं, जोडीदारणीसमोर वाकायचं, तिने आपल्याला आपटलं की पुन्हा वाकायचं. भिंतीला टेकायचं नाही. आणि मुख्य म्हणजे विचारल्याशिवाय बोलायचं नाही. वर्ग म्हटलं की बोलणारी मीच, अशी मला आयुष्यभराची सवय. पहिल्या तासाला मी तीनदा हात वर केला आणि बाईंनी तिन्ही वेळा तो शांतपणे खाली केला.

बसायची रांगही मानाप्रमाणे. लेकीचा पट्टा हिरवा, माझा पांढरा. त्यामुळे ती वर, मी शेवटी, एका शाळकरी मुलीच्याही खाली. तिथे लेकीला 'सेनपाई' म्हणायचं, म्हणजे ज्येष्ठ. मी एकदा चुकून "अगं बाळा, जरा हळू," म्हणाले, तर सगळा वर्ग थांबला. मी वाकून म्हणाले, "माफ करा, सेनपाई." सेनपाईने मोठ्या मनाने मान डोलावली. घरी हिलाच मी सकाळी कारल्याची भाजी संपवायला लावली होती!

मला पडायला शिकवायचं काम तिच्याकडेच होतं. "पुन्हा," ती म्हणायची. "लक्ष कुठे आहे तुझं?" आवाज हुबेहूब माझा. मला माझ्या विद्यार्थ्यांची दया यायला लागली.

पण माझी खरी अडचण वेगळीच होती. मला भयंकर गुदगुल्या होतात. कुणी काखेजवळ सदरा पकडला की मी खिदळायला लागायचे. त्या शांत हॉलमध्ये ते फार वाईट दिसायचं. "श्वास घे," बाई म्हणायच्या. श्वास घेतला की आणखी हसू यायचं.

अशात बाईंच्या जपानी गुरू मस्कतला आल्या. पांढऱ्या केसांची, बारीकशी म्हातारी. त्या दिवशी घरच्यांना बघायला बोलावलं होतं. माझे यजमान इस्त्रीचा शर्ट घालून पहिल्या खुर्चीवर बसले. गुरूंनी रांगेवरून नजर फिरवली आणि सगळ्यात नवीन शिष्या म्हणून नेमकं मलाच पुढे बोलावलं.

मी वाकले. त्या वाकल्या. त्यांनी एक हात कॉलरला घातला, दुसरा काखेखाली, आणि मी खिंकाळले. दुसरा शब्दच नाही. हॉल गोठला. त्यांनी हात काढला, थांबल्या, पुन्हा पकडलं. मी पुन्हा. डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. यजमान छताकडे बघायला लागले.

तेवढ्यात रांगेतून लेक उठली. ज्येष्ठांनी विचारल्याशिवाय उठायचं नसतं, हे तिनेच मला शिकवलेलं. तिने कमरेत वाकून इंग्रजीत सांगितलं, "माझी आई अपमान करत नाहीये. तिला गुदगुल्या होतात. प्लीज, तिला रागावू नका."

बाईंनी जपानीत समजावलं. गुरूंच्या चेहऱ्यावरची रेषही हलली नाही. त्या माझ्याकडे वळल्या आणि फक्त एक बोट माझ्या काखेकडे आणलं. लावलंही नाही. मी आपोआप मागे कलंडले, चटईवर पसरले आणि हरल्याची खूण म्हणून धपाधप हात आपटायला लागले.

गुरू काहीतरी बोलल्या. बाईंनी भाषांतर केलं, "त्या म्हणतात, इतक्या कमी ताकदीत त्यांनी आजवर कुणाला पाडलं नव्हतं."

आणि मग ती म्हातारी तोंडावर हात धरून हसायला लागली. ती हसली म्हणताच आमच्या बाईंनाही हसू फुटलं आणि मग अख्ख्या हॉलला.

नियम मात्र नियमच. परवानगीशिवाय बोलल्याबद्दल लेकीला त्या दिवसापुरतं रांगेत सगळ्यात शेवटी, माझ्याही खाली बसावं लागलं. ती मान ताठ ठेवून बसली. निघताना गुरू तिच्यासमोर थांबल्या आणि रांगेतल्या कुणापुढेही वाकल्या नव्हत्या इतक्या खोल वाकल्या. लेकीला काय करावं कळेना. ती बसल्या जागीच घाईत वाकली आणि तिचं डोकं चटईवर आपटलं. मला गलबलून आलं, पण मी एक शब्द बोलले नाही. तेवढं मला जमायला लागलं होतं.

जाण्याआधी गुरूंनी माझ्यावर उपाय सांगून ठेवला होता: सरावाआधी सेनपाईने माझी काख धरून उभं राहायचं, माझं हसू थांबेपर्यंत. पहिले काही आठवडे आम्ही दोघीही हसून हसून खाली बसायचो. मग कधीतरी तिचं हसू थांबलं, मी एकटीच हसत राहिले, आणि मग मीही थांबले.

गेल्या महिन्यात मी तिला पहिल्यांदा नीट फेकलं. ती सुरेख उलटली आणि सपकन चटईवर पडली.

"लागलं का गं?" माझ्या तोंडून निघून गेलं.

"आई, मस्त!" ती पडल्या पडल्या ओरडली.

बोलल्याबद्दल बाईंनी आम्हा दोघींना हॉलभर बेडूकउड्या मारायला लावल्या.