दवाखान्यासमोरचा नंबर

पैसे आले की तो आधी डब्यावर हात ठेवायचा.

दुकानादुकानांत असतो तो छोटा बोलका डबा तुम्हीही पाहिला असेल. कुणी मोबाइलवरून पैसे टाकले की तो खणखणीत आवाजात रक्कम सांगतो. बाकीचे दुकानदार त्याचा आवाज वाढवून ठेवतात. हा मात्र केळीच्या फण्यांमागे हात घालून डब्याचं तोंड दाबायचा आणि वर पोत्याचा तुकडा टाकायचा. मी पहिल्यांदा ते पाहिलं तेव्हा विचारलं, "काय हो, कमाई लपवता की काय?"

"कमाई कायची साहेब," तो म्हणाला. "त्या मायच्या पदरात आता पाच हजार बांधलेले हायेत, हे साऱ्या रस्त्याले कायले सांगू?"

वाशीमला सरकारी दवाखान्याच्या रस्त्यावर त्याची फळांची हातगाडी होती. मी त्याच रस्त्यावरच्या एका कार्यालयात लेखा विभागात नोकरीला. संध्याकाळी घरी जाताना त्याच्याकडून डझनभर केळी घ्यायचो. बारा वर्षांत त्यानं मला अकरा केळी एकदाही दिली नाहीत. तेरा मात्र दोनदा दिली आणि दोन्ही वेळा मी गाडीजवळ उभं राहून मोजून एक परत केलं.

"साहेब, तुमच्या घरी केळं खातात का हिशोब?" असं तो मला चिडवायचा. सगळे त्याला भाऊ म्हणायचे. मीही तेच म्हणत असे.

दवाखान्यात लांबलांबून माणसं येतात. मानोऱ्याकडच्या तांड्यांवरच्या बायका नवऱ्याला, सुनेला घेऊन येतात. त्यांची मुलं पुण्याला, सुरतेला, नाहीतर ऊसतोडीला गेलेली. या बायकांजवळ फार तर बटणांचा साधा फोन, बँकेचं कार्ड नाही. मग मुलगा तिकडून भाऊच्या नंबरवर पैसे टाकायचा आणि भाऊ इकडे त्याच्या आईच्या हातावर नोटा मोजायचा. फळांचे सुटे पैसे त्याच्याकडे दिवसभर जमत. त्या नोटा बायकांकडे जायच्या आणि मोबाइलवर जमलेले पैसे दुसऱ्या दिवशी सकाळी फळांच्या ठोक व्यापाऱ्याला. असं ते चक्र होतं आणि ते कधी अडलं नाही.

यासाठी तो एक पैसा घेत नसे. मी एकदा त्याला आकडे मांडून दाखवले की शेकड्याला दोन रुपये कापले तरी महिन्याला दोन हजारांच्या वर सुटतात.

"अन् मंग ते माय माह्याजवळून केळं घेईन काय? बाजूच्याजवळून घेईन," तो म्हणाला.

त्याची एक अट मात्र होती. पैसे टाकणाऱ्या मुलानं आधी आईशी फोनवर बोललं पाहिजे. "पोट्टे पैसे टाकतात अन् फोन ठेवून देतात," तो सांगायचा. "बोल म्हनतो लेका मायशी, तवा नोटा मोजतो." यात त्याची खातरजमाही व्हायची. आवाज ओळखला की बाईचा चेहराच सांगायचा.

एकदा एक म्हातारी त्याचा फोन दोन्ही हातांनी कानाला धरून उभी होती. नवरा आत खाटेवर. ती आपल्या बंजारा बोलीत, गोरमाटीत, दोन-तीन शब्द बोलली आणि फोन परत दिला. भाऊला ती बोली कळायची नाही. त्यानं विचारलं, "काय म्हने पोरगा?"

"शेळी व्याली का म्हने."

"मंग व्याली का?"

"व्याली. दोन झाले."

"झालं मंग बोलनं," असं म्हणून भाऊनं तिला दोन हजार मोजून दिले आणि दोन संत्री वर ठेवली. "एकेका पिलाचं एकेक," म्हणाला. म्हातारी हसली.

मागच्या दिवाळीनंतर एका सकाळी व्यापाऱ्याकडं त्याचे पैसे जाईनात. तीनदा टाकले, तीनदा परत. व्यापारी म्हणाला, सर्व्हर गेला असेल. दुपारी तो बँकेत गेला आणि संध्याकाळी मला म्हणाला, "साहेब, माह्या खात्याले कुलूप लावलं म्हनतात. तुमी याल का उद्या?"

मी अर्धा दिवस रजा टाकून गेलो. खिडकीमागच्या बाईंनी नीट समजावून सांगितलं. आठवड्यापूर्वी भाऊच्या खात्यात आलेले चार हजार रुपये दुसऱ्या राज्यातल्या कुणाची तरी फसवणूक करून काढलेले होते. ते ज्या ज्या खात्यांतून फिरले, ती सगळी तिथल्या पोलिसांनी गोठवायला सांगितली होती. भाऊच्या खात्यात तेव्हा अडतीस हजार सहाशे चाळीस रुपये होते. खात्यात पैसे येऊ शकत होते, बाहेर जाऊ शकत नव्हते. चौकशी संपेपर्यंत नंबर बदलू नका, मोबाइलमधलं काही काढू नका, असंही त्या म्हणाल्या.

तो चार हजारवाला स्वतःच गाडीजवळ येऊन, पैसे टाकून नोटा घेऊन गेला होता. भाऊला तो चांगला आठवत होता. "भल्या घरचा दिसे जी. बाप वार्डात हाय, औषध आनाचं हाय म्हने. माय असती दुसरीकडं त बोलाले लावलं असतं. बाप त इथंच आत होता ना, मंग कोनाशी बोलाले सांगू?"

इतक्या दिवसांत त्याची अट एकदाच सुटली, ती अशी.

अर्ज मी लिहिला. एक बँकेला, एक इथल्या पोलिसांना, एक त्या दुसऱ्या राज्यातल्या पोलिसांना, रजिस्टर पोस्टानं. इथले अधिकारी चांगले बोलले. आमच्या हातात नाही, तिकडून पत्र आलं की लगेच होईल, म्हणाले. तिकडून पत्र आलं नाही. मी दुसरा अर्ज लिहिला, मग तिसरा. तिकडे जाऊन येण्याचा खर्च काढला तो दोघांचा अकरा हजारांच्या वर जात होता आणि तिथं गेल्यावर काम होईलच असं कुणी सांगेना. दुसऱ्या बँकेत नवं खातं मागितलं तर आधी पहिल्याचं मिटवून या म्हणाले.

इथपर्यंत जे झालं ते कुणाचंही होऊ शकतं. पुढचं फक्त भाऊचंच होऊ शकत होतं.

त्याच्या नंबरवर पैसे येतच राहिले. आणि तो नोटा मोजून देतच राहिला.

मला कळलं तेव्हा मी गाडीजवळच ओरडलो, "अहो, ते पैसे तुम्हाला मिळणार नाहीत! देता कशाला?"

"पोरानं टाकले ना साहेब. माह्या खात्यात आले. आता मायले आले नाई कसं सांगू?"

"गाडीवरची नंबराची पाटी काढा मग."

"पाटी कवाचीच काढली. पन नंबर तांड्यातांड्यावर गेला ना जी. लोकाइनं घराच्या भिंतीवर कोयश्यानं लिहून ठेवला. तो कसा पुसू?"

नंबरच बंद करून टाकावा, म्हणजे पोरांचे पैसे जागच्या जागी परत जातील, असं त्यानं एकदा सुचवलं. मीच नको म्हटलं. बँकेनं सांगितलंय काही बदलू नका, नियम आहे, पाळा. माझी सगळी नोकरी नियम पाळण्यात गेली आहे. हा सल्ला मी त्याला पूर्ण विश्वासानं दिला.

एकोणीस दिवसांत त्यानं एक्केचाळीस हजार तीनशे रुपये दिले. त्यातले चौदा हजार त्याच्या गल्ल्यातले होते. पंधरा हजार त्यानं घरातून आणले, ते कशाचे होते हे मी विचारलं नाही. उरलेले बारा हजार तीनशे गाडीवरच्या फळांतून निघाले, कारण विकलेल्या मालाच्या जागी नवा माल तो आणू शकत नव्हता. आधी सफरचंद गेलं, मग डाळिंब. मग संत्री. खात्यात रोज भर पडत होती आणि गाडीवरची लाकडी फळी रोज थोडी जास्त दिसत होती.

सोळाव्या की सतराव्या दिवशी त्यानं मला विचारलं. केळी कागदात बांधत, माझ्याकडं न बघता.

"साहेब, तुमचा नंबर लावू का गाडीवर? फोन आला की पोराईले तोच नंबर सांगतो. तुमी रोज संध्याकाळी येताच. तवा मले नोटा द्यायच्या. तुमच्यासारखा हिशोब कोनाचा हाय?"

त्याच्या बायकोचं खातं होतं, पण त्यात सरकारी योजनेचे पैसे यायचे. तेही अडकलं तर घरात मीठ येणार नाही म्हणून ती कबूल नव्हती. मी दोन दिवस मागून घेतले. घरी वही घेऊन बसलो. माझ्या खात्यात पगार येतो, घराचा हप्ता त्यातून जातो, मुलीची वसतिगृहाची फी जाते. एखाद्या अनोळखी माणसाचे चार हजार, आणि हे सगळं बंद. बेरीज बरोबर होती. मी पुन्हा तपासली, तरी तीच आली.

मी त्याला नाही म्हणून सांगितलं.

"बराबर हाय जी," तो म्हणाला. "तुमचं बी घर हाय." आणि डझनभर केळी दिली. घरी येऊन मोजली. बाराच होती.

पुढच्या आठवड्यात गाडी आली नाही. पानटपरीवाल्यानं सांगितलं की भाऊनं ती विकली, नवराबायको हैदराबादेला जावयाकडं गेले. तिथं एका इमारतीवर पहारेकऱ्याचं काम मिळालंय. मी फोन लावला. त्यानं लगेच उचलला. बोलला नीटच, माझ्या बायकोची तब्येत विचारली. मग म्हणाला, "साहेब, अजून बी येतात जी पैसे. मी पोराईले उलटा फोन लावतो, सांगतो. सारेच फोन उचलत नाई." पत्राचं त्यानं विचारलं नाही. मीच सांगितलं, चौथा अर्ज पाठवलाय. "बरं," म्हणाला.

त्यानंतर महिन्याभरानं कार्यालयातून निघालो तर त्याच्या जागेवर एक बाई उभी होती. गाडी असायची तिथंच, रिकाम्या जमिनीवर. हातात वहीचा फाडलेला कागद. मी तिथं रेंगाळलो म्हणून तिनं मलाच विचारलं.

"फळवाला भाऊ कुठी हाय?"

"गेला तो. हैदराबादेला."

"कवा येईन?"

"येणार नाही बहुतेक."

तिनं हातातल्या कागदावरचा नंबर पाहिला. मग म्हणाली, "पोरानं सकायी तीन हजार टाकले ना त्याच्याजवळ."

ते पैसे कुठं गेले हे मी तिला सांगितलं. जमेल तितक्या सोप्या शब्दांत. तिला किती कळलं माहीत नाही. माझ्या खिशात तीन हजार चारशे साठ रुपये होते. मी पाचशेची नोट काढून तिच्यापुढं केली. तिनं ती घेतली नाही.

"मले माह्या पोराचे पायजे," ती म्हणाली. रागानं नाही, मी समजायला चुकलो असं वाटून.

"मुलाला सांगा," मी म्हणालो, "यापुढं या नंबरवर पैसे टाकू नकोस म्हणावं."

"मंग कोनाच्या नंबरवर टाकाले सांगू?"

तिनं हातातला कागद उलटा केला. मागची बाजू कोरी होती. ती तिनं माझ्यापुढं धरली.